डाव्या चाकाची नवमी

मालतीताई जगतापांचे डोळे बांधून हातात कुठलाही पाना ठेवा, त्या नंबर सांगायच्या. सतरा. एकोणीस. बारा-तेरा, पण तेराचं तोंड झिजलंय. मी स्वतः परीक्षा घेतली आहे. माझ्या ओढणीनं त्यांचे डोळे बांधले, त्यांच्याच पेटीतले पाने एकामागून एक हातात दिले. अकरापैकी अकरा बरोबर. मग मी जरा लबाडी केली. शेजारच्या हसमुखभाईंच्या स्कूटरच्या डिकीतला पाना मागून आणला नि मध्येच सरकवला. ताईंनी तो तळहातावर दोनदा उडवून झेलला.

"हा आपला नाही गं. कुणाचा उचललास?"

मी बीकॉम आहे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. वडील डभोईच्या धान्यबाजारात पोती उचलायचे, आईला सही येत नव्हती. बडोद्याला सयाजीगंजातल्या एका कचेरीत नोकरी लागली तेव्हा मांजलपूरच्या सोसायटीत भाड्यानं राहायला आले, तीच मालतीताईंच्या समोर. हे सांगायचं कारण एवढंच की शिकलेल्या माणसांची माझी भीती केव्हाच गेलेली होती. माझी बोलती बंद केली ती दहावी झालेल्या एका बाईनं.

ताई तेव्हा पासष्टीच्या पुढं होत्या. बुटक्या, केस पिकलेले, नऊवारी नाही की पंजाबी नाही, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि तिच्यावर कारखान्याचा जुना खाकी कोट. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या टूल स्टोअरमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली. एका खिडकीमागं बसायचं, कामगार येईल त्याला हवं ते हत्यार द्यायचं, संध्याकाळी परत घ्यायचं. प्रत्येकाच्या नावाचा पितळी बिल्ला असे. हत्यार गेलं की त्या खिळ्यावर बिल्ला टांगायचा. निवृत्त झाल्या आणि ही सगळी पद्धत घरी घेऊन आल्या. ओट्याच्या भिंतीवर फळी, फळीवर खिळे, प्रत्येक खिळ्यामागं हत्याराची रंगानं काढलेली आकृती. सोसायटीत ज्याला म्हणून पक्कड, करवत, पाना लागे तो ताईंकडं यायचा आणि प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला तिथं तयार असायचा. माझाही होता. खुद्द ताईंचाही होता. स्वतःच्या घरातला स्वतःचा पाना स्वतः घेताना त्या स्वतःचा बिल्ला टांगायच्या. मी हसले, तर म्हणाल्या, "तीस वर्षांत सगळ्यांत जास्त हत्यारं कुणी हरवली माहितेय? ज्यांना वाटायचं की आपण विसरणार नाही, त्यांनी."

पहिल्यांदा माझ्या घरी आल्या तेव्हा भिंतीवरचं माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी वाचलं. लोक नुसतं बघतात. ताईंनी चष्मा काढून, पुसून, परत लावून वरपासून खालपर्यंत वाचलं, सह्यांसकट. मी वाट बघत होते की आता काहीतरी कौतुक येईल.

"घरात पहिलीच ना ही?"

"हो," मी म्हटलं.

"मग फ्रेम अशी ढिली का? काच वाजतेय."

गेल्या, पेचकस घेऊन आल्या, चारी कोपऱ्यांचे स्क्रू आवळले, काचेवरून पदर फिरवला आणि गेल्या. आजवर त्या प्रमाणपत्राचा एवढा मान कुणीच केला नाही, माझ्या साहेबांनीही नाही.

ताईंची एक गाडी होती. लांब नाकाची, पांढरी. बनवणारी कंपनी गाड्या बनवायची केव्हाच थांबलेली. कारखान्यानं साहेबांची म्हणून घेतलेली, पुढं लिलावात काढली तेव्हा ताईंनी ती घेतली आणि त्यानंतर गाडी चालवायला शिकल्या. हसमुखभाई निवृत्त एसटी ड्रायव्हर, त्यांचा या गाडीवर कायमचा डोळा. रोज सकाळी दूध घेऊन जाताना म्हणायचे, "मालतीबेन, हवे आने मुक्ति आपो. आ गाडीनो आत्मा भटके छे."

"तुमचा भटकतोय तो आधी सांभाळा, हसमुखभाई. सकाळपासून तीन घरी चहा झालाय."

गाडी विकायची नाही याचं कारण डभोईत होतं. ताईंची थोरली बहीण, अक्का. दोघीच बहिणी, भाऊ नाही. अक्काचे पाय चार वर्षांपूर्वी गेले. चाकाच्या खुर्चीत बसून पुतण्याच्या घरात दिवस काढायच्या. रिक्षाचे हादरे सोसत नाहीत, बसमध्ये चढता येत नाही, नव्या गाड्यांची सीट उंच, त्यात त्यांना उचलून ठेवावं लागे आणि उचलून घ्यायला अक्का तयार नसत. ताईंच्या गाडीची पुढची सीट मात्र बरोबर खुर्चीच्या उंचीची, रुंद, सोफ्यासारखी. खुर्ची लावायची, अक्कानं हातांवर जोर द्यायचा आणि सरकायचं. कुणाचाही हात न लागता. म्हणून दर रविवारी ताई डभोईला जायच्या, अक्काला गाडीत घ्यायच्या आणि दोघी संध्याकाळपर्यंत शेतांच्या रस्त्यांनी फिरायच्या. आठवड्यात अक्का घराबाहेर पडायच्या त्या तेवढ्याच.

त्या वर्षी गाडीची नोंदणी संपत आली. परत पाच वर्षं वाढवून घ्यायची तर गाडी आरटीओत तपासायला न्यावी लागते. आणि नेमका तेव्हाच खालून आवाज सुरू झाला. स्पीडब्रेकरवरून उतरताना टक्. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टक्-टक्. ताईंनी हसमुखभाईंना आत बसवलं, स्टिअरिंग थोडं थोडं हलवायला सांगितलं आणि स्वतः जमिनीवर आडव्या होऊन चाकामागं हात घातला. बोटांची टोकं सांध्यावर ठेवून डोळे मिटले. डॉक्टर नाडी बघतात तशा.

"बॉल जॉइंट. दोन्हीकडचे खालचे."

मला त्यांनी समजावलं. चाक गाडीला ज्या सांध्यावर लटकतं आणि वळतं तो हा. आपल्या खुब्यात गोळा वाटीत फिरतो, तसाच. वाटी झिजली की गोळा खुळखुळतो. आणि फारच झिजली तर एक दिवस गोळा वाटीतून निघतो आणि चाक पाय मुडपल्यासारखं आडवं पडतं. "अक्का शेजारी बसलेली असताना," त्या म्हणाल्या आणि पुढं बोलल्या नाहीत.

गॅरेजवाला म्हणाला, सामान मिळत नाही, भंगारात द्या. ताईंनी आठ दिवस शहरातली सुट्या भागांची दुकानं पालथी घातली. पिशवीत मापं घेऊन जायच्या. शेवटी जुन्या शहरातल्या वाडी भागात, एका बोळातल्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर जोडी सापडली. वरचा कागद पिवळा पडलेला, आत ग्रीस जसंच्या तसं. दुकानदार म्हणाला, पंधरा वर्षांत कुणी विचारलं नाही. ताई म्हणाल्या, "आज विचारलं."

तपासणीची तारीख मिळाली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची, सकाळची. ताईंनी अष्टमीला काम काढलं.

त्यांना काम करताना बघणं म्हणजे काय, ते मला अजून नीट सांगता येत नाही. घाई कुठंच नाही, आणि थांबणंही नाही. गाडी उचलली, खाली लोखंडी घोडी लावली, मग गाडीला दोन्ही हातांनी हलवून बघितली. चाक काढलं आणि ते बाजूला न ठेवता गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवलं. का, तर घोडी निसटलीच तर गाडी चाकावर पडेल, आपल्यावर नाही. चाकाच्या वरच्या बाजूला मनगटाएवढ्या जाड सळीची स्प्रिंग दाबून बसलेली असते. ती उसळू नये म्हणून खालच्या आडव्या दांड्याखाली जॅक. उजवीकडचा सांधा दुपारच्या जेवणाआधी सुटला, नवा बसला. मी कचेरीला सुट्टी टाकून ओट्यावर बसले होते. मदतीला नाही, मला काही येत नाही. नुसती बघायला.

डावा सुटेना.

या सांध्याचा दांडा निमुळता असतो आणि एका भोकात गच्च रुतलेला. वरचा नट सैल केला तरी दांडा सुटत नाही. त्याला पुलर लावतात, दोन जबड्यांचं एक अवजार, त्याचा स्क्रू आवळत गेलं की दांड्यावर ताण येतो. ताईंनी ताण दिला. तेल सोडलं. परत ताण दिला. हसमुखभाई हातोडा घेऊन आले. "एक जोरथी मारो ने, मालतीबेन! में तो बसनां एक्सल सीधां कर्यां छे."

"म्हणूनच बस दहा मिनिटं उशिरा यायची," ताई गाडीखालून म्हणाल्या. हातोडा घेतला नाही. एकदा पुलरला थोडा आणखी पीळ दिला, नट पूर्ण न काढता तीन आटे तसाच ठेवला, आणि बाहेर आल्या. दिवस मावळला होता. फळीवरचे बिल्ले तपासले. पुलर आणि जॅक गाडीखाली, घोडी गाडीखाली, बाकी सगळं जागेवर.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

जगतापांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. घरात एक तलवार होती, भाऊ नसल्यानं ताईंकडं आलेली. "आमच्या आजोबांनी ही कुणावर उगारली नाही," त्या सांगत. "पगार घेतला, संचलनं केली आणि तलवारीला तेल लावलं. घराण्याचा पराक्रम एवढाच. पण तेल एक वर्ष चुकलं नाही." नवमीला त्या तलवार पाटावर मांडायच्या आणि तिच्याभोवती फळीवरची सगळी हत्यारं. घराण्याची रीत अशी की नवमीला मांडलेलं हत्यार दसऱ्याची आरती होईपर्यंत उचलायचं नाही.

सकाळी मी गेले तर पाटावर एकोणीसचा पाना, पक्कड, हातोड्या, सगळं हळदकुंकू लावून मांडलेलं. गाडी तीन पायांवर उभी. मला राहवलं नाही.

"ताई, उद्या दुपारपर्यंत तुम्ही हात लावणार नाही? परवा सकाळी तपासणी आहे! आणि सांधा तर सुटायचाच आहे."

"आहे ना."

"मग ही अंधश्रद्धा नाही तर काय?"

त्यांनी फुलांची परडी खाली ठेवली. "तुझ्या कचेरीत रविवार असतो ना? त्याला काय म्हणतेस?"

 हसमुखभाई कुंपणाशी उभे होते. त्यांची पूजा दसऱ्याला असे. त्यांनी मन मोठं केलं. "मारां पानां लई जाव. अमारी पूजा तो काले छे."

"पानां तमारां, हसमुखभाई. पण हाथ तो मारा ने?" ताई म्हणाल्या, आणि मग परडीतली दोन झेंडूची फुलं, हळदकुंकवाची कोयरी घेऊन गाडीपाशी गेल्या. साडी सावरत आडव्या झाल्या. गाडीखालच्या जॅकला, घोडीला, पुलरला कुंकू लावलं, फूल ठेवलं.

"ज्यांना कामावरून उठवता येत नाही त्यांची पूजा जागेवर," बाहेर येत म्हणाल्या.

दहाच्या सुमारास अक्कांचा फोन आला. ताई फोन नेहमी स्पीकरवर ठेवायच्या, हातांना वंगण असायचं म्हणून पडलेली सवय. "मालू, गाडी नाही झाली तरी चालेल हां. मी काय, खिडकीतनं पण सगळं दिसतं मला."

"काय दिसतं?"

"समोरची भिंत."

"भिंतीला काय बघायचंय अक्का? रविवारी येते मी."

फोन ठेवला. चेहरा होता तसाच. पण त्या दिवशी त्यांनी पेपरचं एकच पान दुपारपर्यंत वाचलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते पान उलटं होतं. मी सांगितलं नाही.

तीन वाजले असतील. सोसायटी झोपलेली. मी ओट्याच्या पायरीवर बसले होते. आणि एकदम धाड! सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज. कावळे उडाले, कुत्रं भुंकत सुटलं, हसमुखभाई बनियनवर बाहेर आले, "टायर फाट्युं? शुं थयुं?"

ताई दचकल्या नाहीत. पेपरची घडी घातली, चष्मा ठेवला.

"सुटला," म्हणाल्या.

आम्ही तिघं गाडीपाशी गेलो. ताई दोन्ही हात पाठीमागं धरून वाकल्या. मीही वाकले. पुलर निसटून त्याच्या फुलासकट जमिनीवर पडला होता. निमुळता दांडा भोकातून सुटून एक बोटभर खाली उतरला होता आणि ठेवलेल्या त्या तीन आट्यांवर नट अडकून राहिला होता. खालचा आडवा दांडा जॅकवर शांत बसलेला. वर स्प्रिंग जागच्या जागी. म्हणजे अख्खी रात्र आणि अर्धा दिवस त्या लोखंडावर ताण होता, कुणी हात लावत नव्हतं, आणि त्या ताणानंच ते सुटलं. आणि सुटल्यावर काहीही उडालं नाही, पुलरशिवाय काहीही पडलं नाही, कारण कालच संध्याकाळी ते कुठं अडायचं याची सोय करून ठेवलेली होती.

हसमुखभाईंनी आयुष्यात प्रथमच काही विनोद केला नाही. टोपी नव्हती, नाहीतर काढली असती.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"आमच्याकडं एक फिटर होता. असं काही अडलं की ताण द्यायचा नि डबा खायला निघून जायचा. परत येईपर्यंत सुटलेलं असायचं. मी खिडकीतून बघायचे. इतर सगळे ठोकत बसायचे, त्यांचे आटे खराब व्हायचे." मग म्हणाल्या, "पण त्याचं अर्ध्या तासात सुटायचं गं. माझं एवढा वेळ नाही सुटलं तेव्हा वाटलं, गेलं."

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पाठीमागं गेलं. मला वाटलं होतं की आज हत्याराला हात लावायचा नाही म्हणून हात मागं धरलेत. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट पकडलेलं होतं आणि सांधा सुटला तरी ती पकड सुटली नव्हती.

दसऱ्याला आरती झाली, ताईंनी तलवार भिंतीवर परत लावली, पाने पुसले आणि कामाला लागल्या. हसमुखभाई फाफडा-जिलेबीचा पुडा घेऊन ओट्यावर बसले आणि तो गार होईपर्यंत उघडला नाही, ही त्यांची तपश्चर्याच म्हणायची. जुना सांधा निघाला. ताईंनी तो माझ्या हातात दिला. गोळा वाटीत चमच्यासारखा खडखडत होता. नवा बसवला, तीन बोल्ट, मग नट, मग नटातून आरपार जाणारी नवी पिन, तिचे दोन्ही पाय दुमडून. चाक चढवलं. फळीसमोर उभं राहून जॅक नि घोडी सोडून एकेक आकृती भरलेली बघितली, आणि तेव्हाच गाडी घोडीवरून खाली उतरवली. कपाळावर कुंकू होतं, त्यावर वंगणाची एक रेघ ओढली गेली होती. संध्याकाळी चाकांचं अलाइनमेंट करून आल्या, सोनं वाटलं, आणि नऊ वाजता घरात दिवा नव्हता.

तपासणीला मी बरोबर गेले होते. आरटीओच्या साहेबांनी गाडी उचलायला लावली, चाक वर-खाली हलवलं, आडवं हलवलं. परत हलवलं. मग वाकून बराच वेळ खाली बघत राहिले.

"कया गॅरेजमां कराव्युं, बा?"

"घरे," ताई म्हणाल्या.

त्यांनी ताईंच्या हातांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली, साक्षीदारानं हलवावी तशी. पाच वर्षांचा शिक्का मिळाला. परतताना ताईंनी एका स्पीडब्रेकरवर वेग कमी न करता गाडी नेली आणि कान देऊन ऐकलं. काहीच वाजलं नाही.

पुढं माझी सुरतेला बदली झाली. ताईंना भेटणं राहून जायला लागलं. गेल्या थंडीत वडिलांना बघायला डभोईला गेले होते, रविवारी बसनं बडोद्याला निघाले. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं. बस थांबली. खिडकीतून बघते तर पुढं रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाच्या सावलीत, ती पांढरी गाडी.

बोनेट बंद होतं, गाडी बिघडलेली वाटत नव्हती. डावं चाक पूर्ण वळवलेलं आणि त्याच्याशी मालतीताई गुडघ्यावर बसलेल्या, खाकी कोटात, हात कोपरापर्यंत आत. नुसत्या बघत असणार, सगळं ठीक आहे ना. शेजारच्या सीटवर अक्का, काच खाली केलेली, मांडीवर ओल्या हरभऱ्याची अख्खी जुडी. त्या एक घाटा सोलायच्या, दाणा स्वतःच्या तोंडात टाकायच्या. दुसरा सोलायच्या आणि खिडकीतून हात खाली न्यायच्या. ताईंचे हात काळे, कामात अडकलेले. त्या चाकावरची नजर न काढता तोंड उघडायच्या, अक्का दाणा आत ठेवायच्या. दोघींचं बोलणं चाललेलं होतं, ऐकू येत नव्हतं. अक्का कशाला तरी मोठ्यानं हसल्या आणि दाणा पडला. ताईंनी मान वर करून परत तोंड उघडलं.

हाक मारायला मी काच सरकवली होती. मारली नाही. रेल्वे आली, गेली, फाटक उघडलं आणि आमची बस हलली. अक्का पुढचा घाटा सोलत होत्या.